दात राखण्याचा व्यवसाय



या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अर्थकारणापर्यंत अनेक थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. आज मात्र आपल्यापुढे दातांचे किटण काढणारी एक बाई उभी आहे. आपणांस हसू आले तर अवश्य हसावे. हसताना दात दिसतात, आणि माझा विषय तिथूनच सुरू होतो.

माझ्या व्यवसायाला डेंटल हायजीनिस्ट म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. पुष्कळजण मला 'दातांची नर्स' म्हणतात. गंमत अशी की, ज्यांनी हा व्यवसाय सुरू केला त्यांनी हेच नाव बुद्ध्या टाळले होते. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट गावी डॉ. आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. नर्स म्हटले की आजार डोळ्यांपुढे येतो, आणि त्यांना तर आजार होण्यापूर्वीचे काम करणारे माणूस हवे होते. १९०६ साली त्यांनी आपल्या दवाखान्यातील मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचे शिक्षण दिले. १९१३ साली आपल्या गॅरेजमध्येच त्यांनी पहिला वर्ग उघडला. पुढल्या वर्षी त्यातून २७ स्त्रिया शिकून बाहेर पडल्या आणि त्यांतील काहीजणी गावच्या शाळांतून मुलांचे दात साफ करू लागल्या. १९१७ मध्ये न्यूमनबाईंना या व्यवसायाचा पहिला परवाना मिळाला.

आपल्याकडेही १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाची व्याख्या केली होती : दात खरवडून स्वच्छ करणे, त्यांना झिलई देणे आणि दंतारोग्याचे शिक्षण देणे. म्हणजे कायद्यात आम्हांला जागा मिळाली. लोकांच्या मनात मात्र मिळाली नाही. कारण दवाखान्याची पायरी आपण चढतो ती दात काढण्यासाठी, राखण्यासाठी नव्हे.

माझी आई मशेरी लावीत असे, सकाळी आणि दुपारी. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा शेजारणींनी सांगितले, ''घासू नका, दात हलतील.'' तिने घासणे सोडले. पंचेचाळिशीच्या आत तिचे बहुतेक दात एकामागून एक गेले. पुढे ती हसायची ती तोंडावर पदर धरून. तिच्या हिरड्यांकडे वेळीच कोणी पाहिले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मनात घेऊन मी या शिक्षणाकडे वळले.

आमचा दिवस सुरू होतो तो हत्यारांपासून. ती धुऊन, दाबाखालच्या वाफेत १२१ अंश उष्णतेवर निर्जंतुक करावी लागतात. रोगी खुर्चीवर बसला की तोंड उघडण्याआधी मी विचारते : मधुमेह आहे का? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का? बाई असेल तर दिवस गेले आहेत का? मधुमेह आटोक्यात नसेल तर हिरड्यांचा रोग बळावतो, म्हणून हे विचारणे. मग बारीक खुणा केलेल्या सळईने दात आणि हिरडी यांमधली फट मोजते. निरोगी माणसात ती एक ते तीन मिलिमीटर असते. त्याहून अधिक भरली की चिंता. जीभ, गाल, टाळू यांवर पांढरा वा लाल चट्टा दिसला, किंवा दोन आठवडे न भरलेली जखम आढळली, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवते. तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत ही नजर विशेष जागी ठेवावी लागते.

त्यानंतर किटण काढायचे. जंतूंचा चिकट थर लाळेतील क्षारांनी दगडासारखा घट्ट होतो, तेच किटण. ते ब्रशने निघत नाही. ते काढल्यावर काहींना दात हलल्यासारखे वाटतात आणि ठपका आमच्यावर येतो. परंतु पडक्या भिंतीला मातीच्या ढिगाने टेकू दिला होता. ढीग काढल्यावर भिंत हलली, तर दोष फावड्याचा नव्हे. दाताखालचे हाड आधीच झिजलेले असते.

आणि शेवटी खरे काम : रोग्याच्या हाती ब्रश देऊन त्याला घासायला शिकवणे. पन्नाशीच्या गृहस्थांना हे शिकवताना त्यांचा अभिमान सांभाळावा लागतो.

येथे तरुण मुलामुलींचे पालक बसले आहेत, म्हणून स्पष्ट सांगते. बारावीला विज्ञान घेऊन दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो, राज्याच्या दंतपरिषदेकडे नोंदणी करावी लागते आणि दंतवैद्याच्या देखरेखीखाली काम करावे लागते. दात काढणे वा भरणे आमच्या कक्षेत येत नाही. आपल्या देशात बहुतेक दंतवैद्य किटण स्वतःच काढतात, त्यामुळे जागा थोड्या. त्या मुख्यतः दंतमहाविद्यालयांत व मोठ्या रुग्णालयांत. मान आणि पाठ दुखते. प्रवेश घेण्यापूर्वी अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, याची खात्री करा. एवढे ऐकूनही ज्याला हे काम करावेसे वाटेल, त्याने खुशाल यावे.

कारण या कामाचे यश दिसत नाही. राखलेल्या दाताचा कोणी सत्कार करीत नाही. तो आपल्या जागी असतो, भाकरी चावतो, एवढेच. माझी आपणांस विनंती इतकीच की, हिरडीतून रक्त आले तर घासणे थांबवू नका, दाखवायला या. आणि घरातल्या आईच्या, आजीच्या तोंडात एकदा डोकावून पाहा. पदराआड लपलेले हसू पुष्कळदा आपल्याच घरी असते.