दारू सोडल्यानंतरचा दुसरा दिवस

(तालुका पातळीवरील व्यसनमुक्ती शिबिरात केलेले भाषण)



दारू सोडा, असे सांगणारी भित्तिपत्रके मी माझ्या नोकरीत पुष्कळ काढली. रिकामी बाटली, रडणारी पत्नी, उपाशी मुले ही चित्रे आपल्या परिचयाची आहेत. परंतु ज्याने दारू सोडली, त्याच्या दुसऱ्या दिवसाचे चित्र मी कधी काढले नाही. त्या दिवसाविषयी आज बोलावयाचे आहे.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो आणि नोकरी शोधावयास बाहेर पडतो. पण लोक त्याच्या पूर्ववर्तनावर बोट ठेवून त्याला झिडकारतात आणि तो पुन्हा दारूकडे वळतो. तळीरामाने दिलेला पहिला प्याला आपण सर्वांनी लक्षात ठेवला. समाजाने हाती दिलेला हा दुसरा प्याला मात्र विसरलो.

व्यसन हा आजार आहे. उपचाराने शरीर सावरते, भूक लागते, झोप येते. आणि मग आठवणी जाग्या होतात. विकलेले दागिने, मुलावर उगारलेला हात, बुडविलेली उसनवारी. काही प्रसंग तर त्याला आठवतही नाहीत, कारण अतिमद्यपानाच्या वेळी मेंदूत आठवण नोंदलीच जात नाही. आपली कृत्ये त्याला इतरांच्या तोंडून ऐकावी लागतात. ही लाज असह्य झाली की ती बुडविण्याचा एकच जुना उपाय त्याला ठाऊक असतो. म्हणून भूतकाळाशी समेट हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. तिच्या बारा पायऱ्या १९३९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. चौथ्या पायरीवर मनुष्य निर्भयपणे आत्मपरीक्षण करतो. पाचव्या पायरीवर आपल्या चुका ईश्वरापुढे, स्वतःपुढे आणि दुसऱ्या एका माणसापुढे कबूल करतो. आठव्या पायरीवर आपण ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी होते. नवव्या पायरीवर शक्य तेथे प्रत्यक्ष भरपाई करावयाची. मात्र तिच्यामुळे कोणास नवी इजा होणार असेल, तर थांबावयाचे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण केंद्रात रुग्णांच्या पत्नींसाठीही ‘सहचरी’ हा गट चालतो. जखम दोन्हीकडे असते, हे त्यामागील भान आहे.

आमच्या कार्यालयातील एक वाहनचालक उपचार घेऊन परतला. एके दिवशी त्याने माझ्या टेबलावर पाचशे रुपये ठेवले. मुलीच्या आजाराचे खोटे कारण सांगून चार वर्षांपूर्वी त्याने ते नेले होते. मी औदार्याने म्हणालो, “राहू द्या हो, मी केव्हाच विसरलो.” तो म्हणाला, “साहेब, तुम्ही विसरलात, मी नाही विसरलो. घ्या, म्हणजे माझ्या यादीतले एक नाव खोडता येईल.” मी पैसे घेतले. पण त्याच सकाळी गाडीत बसताना त्याच्या तोंडाला वास येतो का, हे मी पाहिले होते, आणि ते त्याच्या लक्षात आले होते. विसरलो, हे माझे म्हणणे खरे नव्हते.

तेव्हा आपणांस तीन विनंत्या आहेत. अधिकाऱ्यांनी परतलेल्या माणसाचे काम पाहावे. जुने प्रसंग चहाच्या वेळी काढू नयेत. शिक्षकांनी मुलाची ओळख बापाच्या व्यसनावरून होऊ देऊ नये. आणि पंचायत सदस्यांनी पत्नीवर क्षमेसाठी दडपण आणू नये. क्षमा मागता येते, हक्काने वसूल करता येत नाही. तिला वेळ लागेल. कदाचित ती क्षमा करणारही नाही. तो तिचा अधिकार आहे, आणि हे मान्य करून दारूपासून दूर राहणे हे त्याचे काम आहे.

परतफेड करावयास कोणी आपल्या दाराशी आला, तर त्याला आत बोलवा आणि तो देईल ते घ्या.