खालाच्या पिशवीतले कागद

(जुन्नरमध्ये तरुण मित्रमैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी हिंजवडीला, घर इथे जुन्नरला. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणलंय. अडखळलो तर सांभाळून घ्या.

करोनात आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. डॉक्टर, नर्स, पोलीस, सफाई कामगार आणि इत्यादी. आज मला त्या 'इत्यादी'बद्दल बोलायचंय. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. माझी खाला बावीस वर्षं मदतनीस आहे, त्यामुळे मी काही तटस्थ माणूस नाही. दुसरी गोष्ट कबूल करायला थोडी जड जाते. या बायकांच्या बाजूने उभा राहायच्या आधी मी त्यांच्या वाटेत आडवा आलो होतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तीन-चार दिवस आधी मी लॅपटॉप घेऊन घरी आलो. महिनाअखेरीस निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि टीव्हीवर दिवसरात्र आपल्याच दाढ्या-टोप्या दिसायला लागल्या. आमच्या ओळखीच्या एका भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवलं गेलं. पुढे ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणात परदेशी तबलिगींना बळीचा बकरा केलं गेलं असं म्हटलं, पण एप्रिलमध्ये ते कुणाला माहीत होतं? त्यात एनपीआरची भीती ताजी होती. १ एप्रिलपासून ते काम सुरू होणार अशी सरकारची घोषणा होती, ती करोनामुळे पुढे ढकलली गेली. लोकांच्या डोक्यातून मात्र ती गेली नव्हती.

अशात मी मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. शिकलेला मुलगा म्हणून माझ्या शब्दाला थोडी किंमत होती. 'सर्व्हेला कुणी आलं तर नाव, वय, आधार, काहीही सांगू नका.' एवढंच लिहिलं होतं. तासाभरात तो मेसेज चार ग्रुपांत फिरला.

दुसऱ्या दिवशी सर्व्हेला आली ती माझी खाला. सोबत तिच्या अंगणवाडीच्या सेविका ताई. तोंडाला ओढणीचा आणि पदराचा मास्क, हातात वही. घरात ताप-खोकला कुणाला आहे का, बाहेरगावाहून कोण आलंय, सहा वर्षांखालची मुलं किती, गरोदर बाई आहे का, एवढेच प्रश्न होते. वर्षानुवर्षं ज्या घरांतली मुलं तिने कडेवर घेऊन अंगणवाडीत नेली, त्या घरांनी दार लावून घेतलं. एका खिडकीतून आवाज आला, "तू भी उनके साथ मिल गई क्या?"

संध्याकाळी खाला आमच्याकडे आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. मेसेज कुणाचा होता हे तिला माहीत होतं. मला काही म्हणाली नाही, अम्मीला म्हणाली, "बारा पोरांचं धान्य माझ्याकडं अडकलंय. त्यांची आई दारच उघडत नाही, तर मी देऊ कुणाला?"

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत फिरलो. दुसरा मेसेज टाकला, पण खरं सांगतो, पहिला जितका फिरला त्याच्या निम्माही दुसरा फिरला नाही. शेवटी एकेका दाराशी उभं राहून सांगावं लागलं की ही यादी कसली आहे.

ही यादी कसली असते, हे मलाही तेव्हाच कळलं. आपल्यातले बरेच जण अंगणवाडीला खिचडीची शाळा समजतात. अंगणवाडी हा शब्दच आपल्या महाराष्ट्रातला आहे. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ ला जी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तिने तोच शब्द घेतला. आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाचा आहार हा हक्क केला: दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे माझ्या मेसेजने जे अडलं ते बारा मुलांच्या हक्काचं होतं.

अंगणवाड्या बंद झाल्या, पण काम बंद झालं नाही. ते दारोदार गेलं. गहू, हरभरा, डाळ, तिखट, हळद, मीठ अशी पाकिटं घरपोच द्यायची. त्या वर्षी रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. भर उन्हात, रोज्यात, खाला हातगाडीवर पोती घालून गल्लीत फिरत होती. सेविका ताई तिला म्हणायच्या, "तुम्ही सावलीत बसा, मी वाटते." ही बसायची नाही. गाडी ढकलायला आम्ही पोरं होतो, पण कुणाला किती पाकिटं हे फक्त तिला पाठ होतं. कुणाची सून बाळंतपणाला माहेरी आलीय, कुणाकडे जुळी आहेत, कुणाचं पोर वजनात मागे आहे, सगळं. मी त्याची एक्सेल शीट करून दिली. तिने ती कौतुकाने बघितली आणि वहीच वापरली.

आता आंबेगावचं थोडं. माझ्या इंजिनिअरिंगच्या मित्राची आई डिंभे धरणाच्या मागच्या भागातल्या एका वाडीत सेविका आहे. महादेव कोळी समाज, घरं डोंगरावर विखुरलेली. आमच्याकडे अडचण दारं उघडण्याची होती, तिकडे दारापर्यंत पोचण्याची. वाहनं बंद, धान्य रस्त्याला उतरायचं आणि तिथून डोक्यावर. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कोकणातलं नुकसान सगळ्यांनी पाहिलं. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची झाडं गेली, त्या लोकांचं वर्षाचं रोख उत्पन्न गेलं, ते फारसं कुणी पाहिलं नाही. मित्राच्या अंगणवाडीचे पत्रे उडाले, रजिस्टरं भिजली. त्या माउलीने ती चुलीपाशी एकेक पान करून वाळवली. या भागात अमृत आहार योजना आहे, गरोदर आणि स्तनदा मातांना गरम जेवण आणि मुलांना अंडी-केळी देणारी. तिला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांचं नाव आहे. कलामसाहेबांचा फोटो आपण दर पंधरा ऑक्टोबरला स्टेटसला ठेवतो. त्यांच्या नावाचं अंडं मुलाच्या हातावर कोण ठेवतं, हे मला तरी तोवर माहीत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम आली. घरोघर जाऊन ताप बघायचा, ऑक्सिमीटर लावायचा. खाला त्यातही होती. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, मग धाप. नऊ दिवस ऑक्सिजनवर होती. अल्लाहच्या कृपेने परत आली.

त्या नऊ दिवसांत मी रात्री शासन निर्णय वाचत बसायचो, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. २९ मे २०२० चा निर्णय सापडला. करोनाचं काम करताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ५० लाखांचं सानुग्रह सहाय्य, आणि त्यात अंगणवाडी कर्मचारी होत्या. पण दवाखान्यात दाखल होण्यापूर्वीच्या किंवा मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत ती व्यक्ती त्या कामावर हजर होती, याचं प्रमाणपत्र लागणार होतं. मी खालाच्या घरी गेलो, तिच्या सुनेला म्हटलं, ड्यूटीचा कागद कुठे आहे? कागद नव्हता. फोन यायचा, 'उद्या अमुक गल्ली करा.' नाहीतर ग्रुपवर मेसेज. पन्नास लाखांची गोष्ट आणि पुरावा म्हणजे कुणाच्यातरी फोनमधला आवाज.

खाला वाचली म्हणून तो प्रश्न आमच्यापुरता सुटला. पण मला तिथे काम सापडलं. पुढचे सहा महिने आम्ही पाच-सहा जणांनी, त्यात दोन मुली होत्या, एवढंच केलं: शहरातल्या आणि आसपासच्या जितक्या सेविका-मदतनीस तयार होत्या, त्यांच्या फोनवर आलेल्या प्रत्येक आदेशाचा स्क्रीनशॉट तारखेसह काढायचा, झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट, आणि एक अर्ज: 'अमुक तारखेला तोंडी आदेशानुसार हे काम केले, कृपया लेखी आदेश द्यावा.' दोन प्रती, एकीवर पोच. पोच द्यायला सुरुवातीला कुणी तयार नसायचं. आम्ही भांडलो नाही, टपालाने पाठवायला लागलो. काही दिवसांनी लेखी आदेश यायला लागले. सगळ्यांना नाही, पण आले. मास्क आणि सॅनिटायझरची मागणीही त्याच अर्जात खाली लिहायचो. संघटनांच्या बायका हे कितीतरी वर्षं करत आल्या आहेत, आम्ही काही नवीन शोध लावला नव्हता. आमच्याकडे प्रिंटचे पैसे आणि मोकळा शनिवार होता.

२०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा खाला पुन्हा फिरायला लागली. या वेळी तिच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद होते. ती ते घरी ठेवायची नाही, सोबत न्यायची. म्हणायची, "मी रस्त्यात पडले तर कागद माझ्यापाशीच सापडला पाहिजे."

आता माझ्या धंद्याबद्दल बोलतो. त्याच वर्षी १ मार्चला पोषण ट्रॅकर नावाचं केंद्र सरकारचं ॲप आलं. मुलांची नोंद, वजन, उंची, आहार, सगळं त्यात भरायचं. सुरुवातीला ते इंग्रजीत, आणि सेविकांना मिळालेले फोन दोन जीबी रॅमचे. ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. माझ्या ऑफिसातले मित्र हसले होते: "बायकांना टेक्नॉलॉजी नको असते." मी तेव्हा ताईंच्या शेजारी बसून त्यांचा फोन पाहिला होता. मुलाचं नाव टाईप करायचं, फोन थांबायचा, गरम व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. आधारवर 'शेख', रजिस्टरला 'शैख', सासरचं नाव एकीकडे, माहेरचं दुसरीकडे. पाचवी-सातवी शिकलेली असूनही चाळीस घरांचा हिशेब तोंडपाठ ठेवणाऱ्या बाईला तो फोन दिवसातून दहा वेळा सांगतो की तुझं चुकलं.

मी स्वतः दहा वर्षं असे फॉर्म बनवतोय. एखाद्या रकान्यासमोर लाल चांदणी टाकली की तो भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ती चांदणी टाकायला मला दोन सेकंद लागतात. तिच्या दुसऱ्या टोकाला एक बाई मूल घेऊन उभी असते आणि तिला सांगितलं जातं की तुमचं नाव जात नाहीये, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. दंडाचा घेर मोजायची एक साधी पट्टी असते. ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषण. त्या पट्टीला भाषा लागत नाही, चार्जिंग लागत नाही. ॲप नको असं मी म्हणत नाही, माझं पोट त्यावर आहे. पण ज्याने ते बनवलं त्याने एक दिवस ती पट्टी हातात धरून चाळीस घरं फिरावं.

आता पैशाचं. २०२३ च्या वाढीआधी मदतनीसला महिन्याला ४,४२५ रुपये मिळायचे, वाढीनंतर ५,५०० झाले. याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. मान आणि धन यांतलं नेमकं काय मिळतं, हे खालाला विचारा. डिसेंबर २०२३ मध्ये संप झाला, जवळपास दोन महिने. खाला संपात होती. मोहल्ल्यातल्या काही जणींनी तक्रार केली की पोरांचा खाऊ बंद झाला. तेव्हा त्यांच्याशी बोलायला त्या दोन मुलीच गेल्या, मला कुणी ऐकलं नसतं.

२५ एप्रिल २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका-मदतनिसांना तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक. गुजरातच्या बायका ते लढल्या. २०२३ च्या वाढीनंतरच्या मानधनावर मी खालाला हिशेब करून दाखवला: ५,५०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २२ वर्षं. साधारण ६९,८०० रुपये. मला वाटलं, तिला हे फार थोडं वाटेल. तिने विचारलं, "हे मागता येतं?" मी म्हटलं, मागता येतं, मिळेपर्यंत भांडावं लागेल. म्हणाली, "मग कागदावर लिहून दे." तो कागद आता पिशवीत आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घराच्या गच्चीवर एकवीस जणी येणार आहेत. प्रत्येकीची नेमणुकीची तारीख, हजेरीचे कागद आणि बँकेचं पासबुक एकत्र लावायचंय. नीट मराठी टाईप करणारे चार जण हवेत, एक लॅपटॉप कमी पडतोय, आणि मुलं सोबत येतील त्यांना दोन तास सांभाळायला कुणीतरी हवं. नावं माझ्याकडे नाही, खालाकडे द्या. ती तिकडे मागे बसलीय, हिरव्या ओढणीत. वही तिच्याकडे आहे.