पायाखालची जमीन का करकरते?

अमेरिका-कॅनडातली बहुतेक घरं लाकडी सांगाड्याची असतात. साधारण १६ इंचांवर एकेक तुळई, तिच्यावर ४ बाय ८ फुटांचे प्लायवूडचे किंवा ओएसबीचे (लाकडाच्या कपच्या दाबून केलेले) तक्ते आणि त्यांवर गालिचा. काही वर्षांनी ही जमीन पाऊल टेकताच करकरू लागली, की खापर खिळ्यांवर फुटतं. कमी ठोकले, आखूड ठोकले, असं लोक म्हणतात. माझ्या मते खरं कारण लाकडातला ओलावा आहे आणि त्यावर खात्रीचा उपाय गोंद.

तिथे ‘सुकं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाकडात १९ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. घरात हिवाळाभर हीटिंग चाललं, की तो १० टक्क्यांच्या आसपास उतरतो. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, जाडी-रुंदीत आटतं. तुळईत दीड इंच शिरलेल्या खिळ्याचं टोक खोलवर जागच्या जागी राहतं, पण त्याच्या भोवतीचं वरचं लाकूड आटून खाली सरकतं. तक्ता आणि तुळई यांत मिलिमीटरभराची फट पडते. पाऊल पडलं की तक्ता खिळ्यावरून घसरत खाली जातो, उचललं की वर येतो. करकर होते ती याच घासण्याची. म्हणजे नुसता लांब खिळा घेतला, तर फट उलट वाढते. तक्ता बसवण्याआधी तुळईवर गोंदाची सलग धार सोडली, तर दोन्ही लाकडं एकजीव होतात, फट पडायला वाव राहत नाही आणि जमीन ताठही होते.

कुणी म्हणेल, मग स्क्रू काय वाईट? स्क्रू खिळ्यासारखा सहज उपसून येत नाही, हे खरं. कडांना ६ आणि मध्ये १२ इंचांवर ते मारावेतच, कारण गोंद सुकेपर्यंत तक्ता दाबून धरायला कुणीतरी हवंच. पण दोन स्क्रूंमधली जागा मोकळीच राहते, ती गोंदच भरतो. दुसरा आक्षेप असा, की चिकटवलेला तक्ता पुढे न फोडता निघत नाही. मान्य, पण तो काढायची वेळ क्वचित येते, करकर मात्र रोज ऐकावी लागते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. बर्फाळ किंवा धुळीच्या तुळईवर गोंद धरत नाही, आणि धारेवर साय आली की चिकटपणा जातो. म्हणून तुळई पुसून घ्यावी, एका वेळी एकाच तक्त्यापुरती धार सोडावी आणि तक्ता लगेच बसवावा. दोन तक्त्यांमध्ये ३ मिलिमीटर जागा सोडावी, म्हणजे पावसात फुगले तरी ते एकमेकांना उचलणार नाहीत. घर बांधून घेताना कंत्राटदाराला खिळ्यांचा हिशेब जरूर विचारा, पण गोंद लावताना स्वतः हजर राहा. तक्ता बसल्यावर गोंद तपासता येत नाही.