डोंगराच्या खुणा वाचा

दुरून डोंगर साजरे, असे आपण म्हणतो. दुरून पाहिले की वाटते, डोंगर जागचा हलत नाही. आज्याने पाहिला तोच डोंगर नातू पाहतो. पण खरे सांगायचे तर डोंगर कधी स्वस्थ नसतो. तो रोज थोडा झिजतो आणि रोज थोडा खाली येतो. कुणाच्या हाताने, ते आज आपण पाहू.

पाऊस आणि ओढा जमीन कापतात, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे? पुरात बांध वाहून गेलेला तुम्ही पाहिलाच आहे. आज आम्ही दुसऱ्या तिघांविषयी सांगणार आहोत. वारा, बर्फ आणि पृथ्वीची ओढ.

पहिला वारा. वैशाखात वावटळ उठते आणि मोकळ्या शेतातली माती घेऊन जाते. ती माती कुठेतरी पडतेच. म्हणजे वारा एकीकडे जमीन खातो आणि दुसरीकडे जमीन घालतो. त्याचा मोठा कारभार पाहायचा तर राजस्थानात थरच्या वाळवंटात जावे. तिथे वाळूचे कण उड्या मारीत पुढे जातात. कण जड, म्हणून ते जमिनीपासून फार उंच जात नाहीत. वाटेत खडक असला तर त्याचा खालचा भाग घासला जातो आणि वरचा तसाच राहतो. असा खडक अळंबीसारखा दिसतो. खाली बारीक, वर रुंद.

वारा वाळूच्या टेकड्याही रचतो. वाळू एका अंगाने वर चढते आणि दुसऱ्या अंगाने खाली घसरते. असे करता करता सगळी टेकडीच पुढे सरकते. वाटेत शेत असो की रस्ता असो, ती त्यावर बसते. यावर उपाय शोधण्यासाठी १९५२ साली जोधपूरला एक केंद्र निघाले. उपाय साधा आहे. वाऱ्याच्या आडवे झुडपांचे कूड रोवायचे आणि त्यांच्या आडोशाला झाडे व गवत लावायचे. मुळांनी वाळू धरली की टेकडी थांबते. हे मुळांचे काम ध्यानात ठेवा. पुढे त्याची गरज लागेल.

दुसरा बर्फ. आपल्या सह्याद्रीत बर्फ साठत नाही. पण हिमालयात वर्षानुवर्षे हिम पडते. थरावर थर बसतात, खालचे थर दबून घट्ट बर्फ होतात आणि तो बर्फ उताराने हळूहळू वाहू लागतो. याला हिमनदी म्हणतात. भागीरथी नदी जिथून निघते, ती गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिच्या तोंडाला गोमुख म्हणतात.

हिमनदीच्या तळाला दगडधोंडे अडकलेले असतात. ते लोहाराच्या कानशीसारखे खालचा खडक घासतात. डोंगरातली वाहती नदी अरुंद दरी कापते. हिमनदी मात्र दरीचा तळ रुंद करते आणि बाजू उभ्या करते. गुळाच्या काहिलीसारखी दरी तयार होते. बर्फ वितळला की सगळा राडारोडा तिथेच पडतो. गोमुखाची मोजणी १९३५ पासून होत आहे. तेव्हापासून ते एक किलोमीटरहून जास्त मागे गेले आहे. हवा तापते आहे, बर्फ आटतो आहे.

त्या राडारोड्याचे बांध पक्के नसतात. केदारनाथच्या वर चोराबाडी नावाचे तळे अशाच बांधामागे होते. १७ जून २०१३ च्या सकाळी अतिवृष्टीने तो बांध फुटला. पाणी आणि धोंडे गावावर आले. हजारो माणसे त्या वर्षीच्या पुरात गेली.

आता तिसरी, पृथ्वीची ओढ. पुस्तकात हिला गुरुत्वाकर्षण म्हणतात. झाडावरचा आंबा खाली पडतो तो हिच्यामुळे. बर्फालाही उताराने हीच ओढते. ती दिवसरात्र काम करते आणि दिसत मात्र नाही. उतारावरची झाडे बुंध्याशी वाकून मग सरळ वर गेलेली असतात, पाहिलीत ना? पुष्कळदा खालची माती सरकत असते, आणि झाड आपला तोल सावरीत असते.

कोरडी माती उतारावर टिकते. पण पाणी मुरले की ती जड होते, आणि तिची खडकावरची पकड सुटते. मग सगळा उतार एकदम खाली येतो. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव असेच गाडले गेले. १५१ माणसे गेली. एस. टी. च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर खबर गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. तिन्ही वेळा महिना जुलैचा आणि पाऊस मुसळधार.

मंडळी, पाऊस आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी हाती आहेत. उतारावरची झाडे तोडू नका. मुळे मातीला धरून ठेवतात. मात्र फार खोल घसरण मुळांनाही थांबवता येत नाही, म्हणून झाडांवरच विसंबू नका. शेतासाठी किंवा रस्त्यासाठी डोंगराचा पाय कापू नका. पाणी जिरवणे चांगले, पण घरांच्या डोक्यावर भेगाळलेल्या उतारावर पाणी साठवू नका. तिथे चर काढून ते बाजूला न्या.

आणि या खुणा ओळखा. उतारावर नवी भेग पडली. भिंत तडकली, दार लागेना. खांब किंवा झाडे कलली. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले. पाऊस जोरात आणि ओढ्याचे पाणी मात्र एकाएकी कमी झाले. डोंगरातून घरघर ऐकू आली.

यातली एक जरी खूण दिसली तरी तलाठी व पोलीस पाटील यांना कळवा, किंवा १०७७ क्रमांकावर फोन करा. पाऊस चालू असेल तर त्यांची वाट पाहत बसू नका. म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन, गुरे सोडून, घराबाहेर पडा. उताराने खाली पळू नका. आडवे, बाजूला निघा. रात्र असली तरी निघा. भांडीकुंडी पुन्हा मिळतात.

तुम्ही अक्षरे वाचायला शिकलात. आता पाऊस लागण्याआधी चार जण मिळून आपल्या गावावरचा उतार एकदा फिरून या. कुठे भेग आहे, कुठे पाणी मुरते, ते वहीत लिहा आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवा.