सवलत मागताना, सवलत देताना



जमाखर्चाचे तक्ते अहवालात छापले आहेत. ते येथे वाचून आपला वेळ घेणार नाही. वाणिज्य शाखेच्या माणसाला आकडे सोडून बोलणे जड जाते, तरी आज बिलाच्या खिडकीवरील एका संभाषणाविषयी बोलावयाचे आहे.

‘आमच्याकडे एवढे पैसे नाहीत,’ हे वाक्य उच्चारण्यापूर्वी माणूस मागे वळून पाहतो. रांगेत कोणी गावचे तर नाही ना! ज्याने आयुष्यात कोणाकडे उसनवारी केली नाही, त्याला आपली मिळकत परक्या माणसाला काचेपलीकडून मोठ्याने सांगावी लागते. काहीजण न सांगताच रुग्णाला घरी नेतात. काहीजण ओरडतात. त्या ओरडण्यामागे पुष्कळदा राग नसतो, लाज असते.

वास्तविक लाजण्यासारखे त्यात काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात. बिलांच्या एकूण रकमेपैकी २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा होतात. खिडकीवरचा माणूस मेहेरबानी मागत नसतो.

म्हणून हे बोलणे आम्ही खिडकीवरून समाजसेविकेच्या खोलीत नेले आहे. तेथे आधी खुर्ची दिली जाते, मग शिधापत्रिका आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पाहिला जातो. मोबाइल कशाला घेतला, मुले किती, हे विचारावयाचे नाही. कागद तपासावा, माणूस नव्हे.

आमच्या लिपिकांचाही मान आहेच. दिवसातून दहा वेळा ‘तुम्ही लुटारू’ ऐकणाऱ्याने ते घरी घेऊन जाऊ नये. त्याला उत्तर द्यावयाचे असते बिलाचे, स्वतःच्या सचोटीचे नव्हे. शिवीगाळ झाल्यास त्याने उठावे, दुसऱ्याने ती जागा घ्यावी. ही त्याची कसूर धरली जात नाही.

शेवटी देणगीदारांस एक विनंती, थोडी अप्रिय. मदत स्वीकारताना रुग्णाचे छायाचित्र मिळावे, अशी मागणी काहीवेळा येते. ती आम्ही पुरी करू शकणार नाही. आपल्या रकमेच्या विनियोगाचा लेखापरीक्षित तपशील आपणास पोहोचेल; त्यात रुग्णाचा नोंदणी क्रमांक असेल, नाव नसेल.