गुडघ्याचं निमित्त आणि विमानाची भीती

  आज बोलायचं आहे विमानात बसायच्या भीतीबद्दल.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठं आलं विमान? पण आपली मुलं आता पुणे, बंगळुरू, दुबईला आहेत. लेकीचं बाळंतपण कधीकधी तिकडेच होतं. हजला जाणाऱ्या बहिणी नागपूरहून विमानात बसतात. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहूनही मुंबईचं विमान सुरू झालं. मुलगा म्हणतो, "आई, तिकीट काढतो." आणि आई म्हणते, "गुडघे दुखून राहिले रे बाप्पा, तुम्हीच या दिवाळीले." गुडघे दुखतही असतील. पण पुष्कळदा गुडघ्यामागे भीती लपलेली असते. ती सांगायची लाज वाटते आणि नातवाचं बारसं फोनवर पाहावं लागतं. लाजेपायी एवढं गमवायचं का?

आधी भीती म्हणजे काय ते पाहू. दारातलं कुत्रं चोरावर भुंकतं, तसंच नव्या पाहुण्यावरही भुंकतं. त्याचं काम राखणीचं, फरक त्याला कळत नाही. आपलं शरीरही तसंच. अनोळखी जागा, बंद दार, पायाखाली जमीन नाही, एवढं कळलं की ते धोक्याची हाळी देतं. छाती धडधडते, तळहाताला घाम येतो, पोटात गोळा येतो, श्वास पुरत नाही असं वाटतं. हा उमाळा चढतो, काही मिनिटं टिकतो आणि आपोआप उतरतो. मात्र तो चढला की आपण तिकीट रद्द करतो. लगेच बरं वाटतं, आणि शरीर शिकतं की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते. पाहुणा दोन-चारदा घरी आला की कुत्र्याचं भुंकणं कमी होतं. भीतीचंही तसंच, थोडी थोडी ओळख वाढवावी लागते.

प्रत्येकीची भीती वेगळी असते. कुणाला पडायची, कुणाला कोंडल्यासारखं होण्याची, कुणाला चारचौघांत घाबरंघुबरं दिसण्याची. कुणाला एवढंच खुपतं की गाडी थांबवा म्हणता येत नाही. आपली भीती नेमकी कोणती, हे एका कागदावर लिहा किंवा मैत्रिणीला सांगा. नाव दिलं की तिचा आकार कळतो.

आता विमानात काय काय होतं ते ऐका, म्हणजे दचकायला होणार नाही. विमान जमीन सोडतं आणि थोड्याच वेळात खालून घरघर, मग धाडकन आवाज येतो. ती चाकं पोटात घेतली जातात. मग इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि खाली गेल्यासारखं वाटतं. विमान तेव्हाही वरच चढत असतं, फक्त जोर कमी केलेला असतो. मधूनच टिंग वाजतं, ती बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांसाठीची घंटी असते.

आणि हादरे? एप्रिलच्या दुपारी आपल्या रिकाम्या वावरात वावटळ उठते ना? तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते. तीच उसळी वर विमानाला लागते. खड्ड्यातून एसटी गेली की आपण उडतो, पण एसटी मोडली असं म्हणत नाही. विमानाचे पंख लवचीकच बनवलेले असतात. बोईंग ७८७ या विमानाचे पंख २०१० साली चाचणीत सुमारे २५ फूट वर वाकवून पाहिले होते. हादऱ्यांत इजा होते ती मुख्यतः पट्टा न बांधलेल्यांना. म्हणून बसल्या जागी पट्टा बांधलेलाच ठेवा. शक्य असेल तर सकाळचं विमान घ्या, तोवर जमीन तापलेली नसते. जागा पंखाजवळची मागा, तिथे हादरे कमी लागतात.

इंजिन बंद पडलं तर? दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडून जवळच्या विमानतळावर उतरू शकतं. २००१ साली अटलांटिक महासागरावर एका विमानाची दोन्ही इंजिनं बंद पडली. ते सुमारे १९ मिनिटं घारीसारखं तरंगत एका बेटावर उतरलं. आतले सगळे ३०६ जण वाचले.

मग अहमदाबादचं काय, असं तुम्ही विचाराल. १२ जून २०२५ ला तिथे विमान पडलं. विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले, खाली जमिनीवरही माणसं गेली. ती दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. विमान कधीच पडत नाही, असं आम्ही सांगणार नाही. पण २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. यवतमाळ, वर्धा करत नागपूरला जाताना आपण डुलकी काढतो, कारण तो रस्ता सवयीचा आहे. तेवढ्याच अंतराला विमान रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित असतं. तरी आकडे ऐकून भीती जात नाही, कारण ती आकड्यांतून आलेलीच नसते. म्हणून सरावच करायला हवा.

सराव असा करा. प्रवासाच्या महिनाभर आधी मुलाकडून विमानाच्या आतले व्हिडिओ मागवून पाहा. रोज दहा मिनिटं श्वासाचा सराव करा. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सावकाश सोडा. सोडणं लांबलं की धडधड शांत व्हायला मदत होते. पहिला प्रवास छोटा आणि सोबतीनं करा. विमानात चढताना, मला भीती वाटते, असं हवाईसुंदरीला सांगा. लाजू नका, त्यांना अशी माणसं रोज भेटतात. उतरताना कान दुखतात, तेव्हा गोळी चघळा, आवंढा गिळा. हातात जपमाळ, तसबी, विणकाम, जे आपलं असेल ते ठेवा. भीती आली तर म्हणा, "ये, बस बाजूला." तिला घालवायच्या मागे लागू नका. भीती सोबत असतानाही प्रवास होतो.

झोपेची गोळी शेजारणीची घेऊन खाऊ नका, डॉक्टरांना विचारा. हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर तेही आधीच विचारा. भीतीनं आठवडे-आठवडे झोप उडत असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. किंवा १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर फोन करा. तो फुकट आहे.

शेवटी घरच्यांना एक विनंती. आईची थट्टा करू नका. "लहान पोरं बसतात, तुला काय झालं?" असं म्हटलं की ती पुन्हा गुडघ्याचंच कारण सांगेल. त्याऐवजी विचारा, "कशाची भीती वाटते, आई?" आणि उत्तर संपेपर्यंत ऐका.

ज्यांच्या मनात असं काही दडलेलं आहे, त्यांनी आज घरात एका माणसाला तरी खरं कारण सांगा. तिकीट नंतर काढता येईल.