दूरच्या यंत्रांचे गुमास्ते आणि त्यांचे दप्तर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमच्या व्यवसायातील एखाद्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी मंडळाने आज्ञा केली, हा आम्ही आमचा बहुमान समजतो. विषय रूक्ष आहे. तथापि आपल्यापैकी पुष्कळ घरांतील मुलेमुली आज संगणकाच्या व्यवसायात आहेत, आणि "ती दिवसभर नेमके करतात तरी काय?" असा प्रश्न वडीलधारी मंडळी आम्हांला नेहमी विचारतात. त्याचे अंशतः उत्तर आज देण्याचा विचार आहे.

बँकेचे हिशेब असोत की रेल्वेची तिकिटे, ती सांभाळणारी यंत्रे, म्हणजे सर्व्हर, मोठमोठ्या दालनांत रांगेने उभी असतात. त्यांची देखरेख करणारा मनुष्य मात्र बहुधा दुसऱ्याच गावी बसलेला असतो. यंत्र निपचित पडले तर त्याचे बटण दाबावयाचे कोणी? यासाठी बहुतेक सर्व्हरच्या मुख्य पाटीवर एक लहानसा स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्यास 'बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर', संक्षेपाने बी.एम.सी. म्हणतात. मुंबईकरांनी हे नाव ऐकून महापालिकेची आठवण काढू नये! मोठे यंत्र बंद असले तरी, वीज पोहोचत आहे तोवर हा पहारेकरी जागा असतो. तो तपमान मोजतो, पंख्यांची गती पाहतो आणि हुकूम येताच यंत्र चालू वा बंद करतो. त्याच्याशी बोलण्याची 'आयपीएमआय' ही सामाईक पद्धत इंटेल, एच.पी., एन.ई.सी. व डेल या कंपन्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केली. पुढे २०१५ साली डी.एम.टी.एफ. या संस्थेने 'रेडफिश' ही अधिक सुबोध पद्धत दिली.

आजवर हे हुकूम मनुष्यच सोडीत असे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट हे काम करू लागले आहेत. अशा एजंटाच्या हाती साधने देण्याची एक सामाईक रीत, 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल', अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तीनुसार प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि कोणती माहिती भरावयाची याचा नमुना दिला जातो. साधनाच्या पोटात काय आहे हे एजंट सहसा पाहात नाही. तो वर्णन वाचतो आणि त्यावरून निर्णय घेतो.

आमच्या आजच्या बोलण्याचे सार येथेच आहे. पूर्वी माहितीपत्रक हे काम आटोपल्यावर, कंटाळत लिहावयाचे प्रकरण होते. त्यात उणे राहिले तर अनुभवी मनुष्य ते आपल्या अकलेने भरून काढी. आज ते माहितीपत्रक म्हणजे धन्याने परगावच्या गुमास्त्यास धाडलेले पत्र झाले आहे. पत्रात जे नाही ते गुमास्ता तर्काने भरणार, आणि तर्क चुकला तर दोष पत्र लिहिणाराचा.

हा दोष आमच्या हातून घडला आहे. प्रयोगासाठी राखलेल्या एका यंत्राकरिता आम्ही एक साधन तयार केले आणि वर्णनात "यंत्र बंद करते" एवढेच लिहिले. वास्तविक रेडफिशमध्ये यंत्र बंद करण्याचे दोन निरनिराळे हुकूम आहेत. एक यंत्रास पूर्वसूचना देऊन, हातचे काम आवरावयास लावून निजविणारा; दुसरा क्षणात वीज तोडणारा. आम्ही हा भेद लिहिला नाही. एजंटाने दुसरा हुकूम निवडला. त्या वेळी माहितीची नक्कल चालू होती. ती अर्धवट राहिली आणि आमच्या एका तरुण सहकाऱ्याची सबंध रात्र दुरुस्तीत गेली. सकाळी तो आम्हांस एवढेच म्हणाला, "साहेब, एक ओळ जास्त लिहायला हवी होती." ते शब्द आम्ही अद्याप विसरलो नाही.

तेव्हापासून आम्ही काही नेम पाळतो. साधन केवळ पाहते की काही बदलते, हे पहिल्याच ओळीत लिहावे. केलेली गोष्ट मागे घेता येते की नाही, ते स्पष्ट सांगावे. हुकूम कोणत्या यंत्रास लागू आहे, हे अंदाजावर सोडू नये. आणि 'हुकूम स्वीकारला' असे उत्तर येणे म्हणजे काम पुरे झाले असे नव्हे. म्हणून ते झाल्याची खात्री कशी करावी, तेही नमूद करावे.

परंतु लेखणीवरच सर्व भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही. साधन विध्वंसक आहे अशी खूण करण्याची सोय उपरोक्त रीतीत आहे. पण ती केवळ सूचना आहे, कुलूप नव्हे. कुलूप पहारेकऱ्यापाशीच हवे. रेडफिशमध्ये व्यवस्थापक, चालक आणि केवळ वाचक असे वेगवेगळे अधिकार देता येतात. ज्या एजंटास फक्त तपमान पाहावयाचे आहे, त्यास वाचकाचाच अधिकार द्यावा. वीज तोडण्यापूर्वी मनुष्याची संमती घ्यावी. ही दारे उघड्या इंटरनेटवर ठेवू नयेत, असा इशारा अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षा विभागाने आयपीएमआयसंबंधी २०१३ सालीच दिला होता. एजंट आल्याने तो अधिकच खरा ठरला आहे.

आमच्या तरुण मित्रांस शेवटी एक विनंती. कार्यालयात माहितीपत्रक लिहिण्याचे काम वाट्यास आले तर ते कमी प्रतीचे मानू नका. ते वाचणारा गुमास्ता रात्री-अपरात्री, तुम्ही झोपेत असताना, तुमच्या शब्दाप्रमाणे यंत्र चालविणार आहे. आपल्या वाडवडिलांनी खतावणीतील प्रत्येक ओळ जबाबदारीने लिहिली. तीच सवय या नव्या दप्तरातही उपयोगी पडेल. आणि वडीलधाऱ्या मंडळींस सांगणे इतकेच, की मुलगा वा मुलगी रात्री उशिरापर्यंत एकच वाक्य पुन्हा पुन्हा खोडून लिहीत बसलेली दिसली, तर ती वेळ वाया घालवीत आहे असे समजू नये.